नग सहा

होटगीकर सरांचं अक्षर मला लागतं,
त्यांच्या बायकोला कधी लागलं नाही.
पानाला तीस रुपये. कानडी शिव्या फुकट.

साखर पेठेत पिठाच्या गिरणीवर त्यांची खोली,
टेबलावर दोन ढीग,
डावीकडे चरित्र, उजवीकडे कादंबरी.
दोन्हींत राणी एकच, हरळखेडची गजराबाई.
डावीकडे ती तळटिपांना धरून चालते,
'असावी', 'दिसते', 'येथे कागद मुका आहे'.
उजवीकडे अनवाणी पळते
आणि सर लिहिता लिहिता धापा टाकतात.
चरित्राचे पैसे संस्थानचे वारस देतात, पुण्याहून.
कादंबरीला कोणी विचारलेलं नाही.

एप्रिलची दुपार, लाइट गेलेली,
गिरणी गप्प, म्हणून सगळं ऐकू येत होतं.
सर जमाखर्चाची वही वाचत होते,
मोडीवर बोट, बोटाला शेंगाचटणी:
"भाद्रपद वद्य अष्टमी. पांढरी लुगडी बिनकिनारी,
नग सहा, कोष्टी एक, पावली."
राजा गेला षष्ठीला.
मी म्हणाले, सर, हे जमत नाही.

काय जमत नाही?

कोष्टी एक, माग एक, लुगडी सहा.
ताणा लावायचा, पाजणी करायची,
त्यात पावसाळी हवा, खळ वाळता वाळत नाही.
दोन दिवसांत धोटा हातात बसत नाही, सर.
महिना तरी पाहिजे.
श्रावणातच सांगितली असणार.

सरांनी चष्मा काढला, पुसला,
परत घातला नाही.
श्रावणात राजा जिवंत होता.

आठ रात्री लिहीत होते.
चाळीस पानं माझ्यासमोर टाकली.
समईच्या उजेडात राणीचा हात,
चांदीची वाटी, केशर,
वाटीच्या तळाशी दुसरंच काही.
छान होतं. ते खोटं कशाला सांगू.
मी 'दुधात'पर्यंत टाइप केलं
आणि पुढं बोट उठेना.

मग सांगितलं.
माझे वडील नरसप्पा, मिलमध्ये, कापूस पिंजायच्या खात्यात.
तो कापूस मिल बंद पडल्यावरही छातीत चालूच राहिला.
डॉक्टरनं गोळ्या लिहायच्या थांबवल्या त्या संध्याकाळी
आई नव्या पेठेत गेली,
पाच वार कोरं मांजरपाट आणलं
आणि विड्यांच्या सुपाखाली, तेंदूच्या पानांत ठेवलं.
एकवीस दिवस.
रोज पानं भिजवताना ते बाजूला काढायची,
डाग पडू नये म्हणून.
आणि रोज रात्री वडिलांना दूध
तीच पाजायची, सर. चमच्यानं.

खाली लाइट आली, गिरणी सुरू झाली,
टेबल थरथरायला लागलं.
सर वही उलटी चाळत गेले.
श्रावण शुद्ध तृतीया, वैद्यास बिदागी.
पंचमी, वैद्यास बिदागी.
नवमी, वैद्यास.
मग वैद्य नाहीच कुठं.
अकरा वर्षं ही पानं मी वाचतोय, म्हणाले,
आणि एक कानडी शिवी,
या वेळी स्वतःला.

चाळीस पानं मला दिली, पाठकोरी.
त्यांच्यामागं माझा मुलगा गुणाकार सोडवतो.
डाव्या ढिगात एक बारीक तळटीप:
'वस्त्रे मृत्यूपूर्वीच सांगितली असावीत.
विणकामाविषयी माहिती: नागमणी नरसप्पा.'
पुण्याहून फोन आला, ही कोण बाई, गाळा.
सरांनी कान खाजवत ऐकलं,
फोन ठेवला, टीप ठेवली.

उजवा ढीग मात्र अडलाय.
कोष्टी देवडीवर उभा,
राणी पडद्याआड,
आणि दोन महिने झाले, पान कोरं.
सर विचारतात, नागमणी,
काय बोलली असेल गं ती त्याच्याशी?

भाव केला असेल, मी म्हणते.
आईनं केला होता.
पाच वारांत दोन रुपये सोडवले.